दूध बघून येते

शरू,

तुझं औषधांचं कपाट आज पुन्हा उघडलं आणि पुन्हा बंद केलं. सकाळपासून हेच चाललंय. किल्ली लावायची, दार उघडायचं, बरण्यांकडे बघत उभं राहायचं आणि काहीही न घेता दार लोटून द्यायचं. मग स्वयंपाकघरात जायचं, तिथे कशाला आले ते आठवत नाही म्हणून परत इथे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "वहिनी, एका जागी बसा, नाहीतर घराला चक्कर येईल."

बसवत नाही गं.

बरण्यांवर एकही चिठ्ठी नाही. मी लावल्या होत्या. सुवाच्य अक्षरात, वनस्पतीचं नाव, कधी आणली, कधीपर्यंत वापरायची. तू एका दुपारी त्या सगळ्या कोमट पाण्यात भिजवून काढल्यास आणि बरण्या उन्हात पालथ्या घातल्यास. "वास घ्यायचा," म्हणालीस. "वास कळला नाही तर हात लावायचा नाही." तेव्हा मी जे बोलले तेच आजही बोलते: ज्या घरात सत्तरी ओलांडलेल्या दोन बायका राहतात, त्या घरात चिठ्ठ्या हव्यातच. आज वास घेऊन पाहिला. वेखंड ओळखलं, ते बाळगुटीमुळे कोणीही ओळखेल. जटामांसी ओळखली, ओल्या घोंगडीचा वास आणि मागून कसलासा गोडवा. ज्येष्ठमध जिभेवर ठेवल्यावर कळलं. पण वाळलेली शंखपुष्पी कुठली आणि वाळलेली ब्राह्मी कुठली, यात मी अजून अडखळते. आणि मला नेमकं तेच ओळखायचं आहे.

कशासाठी, ते सांगते. आधी एक गोष्ट. हे मी तुला लिहितेय, पण तू काही वाचणार नाहीस. वाचतील माझी नातवंडं, समुद्रापलीकडे बसून. त्यामुळे तुला ठाऊक असलेलंच तुला मधूनमधून सांगावं लागेल. चिडू नकोस. आणि त्यांतल्या ईराबद्दल जे लिहीन ते तिला विचारून लिहीन.

तुझे दिवसवार झाले. पाहुणे पांगले. घर पुसून झालं, चादरी धुऊन झाल्या, तुझा चष्मा कुठे ठेवायचा हे काही ठरत नाही म्हणून तो टीव्हीवर आहे. दिवस कसातरी जातो. पाच वाजले की मात्र पंचाईत होते. पाचला पडवीतलं ते लांब बाकडं भरायचं. भंगारवाल्याकडून तू ते उचलून आणलंस तेव्हा मी म्हटलं होतं, घराचं स्टेशन करतेस का? तू म्हणालीस, "स्टेशनात आयुष्य काढलं, पण बाकड्यावर बसायला कधी मिळालं नाही."

खरंच होतं ते. लोणावळ्याच्या तिकीट खिडकीत तुझी नोकरी गेली. काचेला एवढंसं भोक, त्यातून हात यायचे. मेंदीचे, ग्रीस लागलेले, कापणारे. तू सांगायचीस, "चेहरे बघायला वेळच नसायचा वहिनी. हात बघायचे नि तिकीट सरकवायचं." एकदा एका बाईने खंडाळ्याचं तिकीट मागितलं, फक्त जायचं, आणि तिचा हात इतका गार होता की तुला उठून बाहेर जावंसं वाटलं. मागे रांग होती. गेली नाहीस. पुढे त्या बाईचं काय झालं, काही झालं की नाही, तुला कधीच कळलं नाही. निवृत्त झालीस त्याच वर्षी आईंचं जुनं काढ्याचं पातेलं माळ्यावरून खाली आलं आणि त्याबरोबर तुझा नियम आला. औषध घरी न्यायचं नाही. पुडी नाही, बाटली नाही, कोणाच्या हाती पाठवणं नाही. ज्याला हवं त्याने पाचला यायचं, बाकड्यावर बसायचं, इथेच प्यायचं. "खिडकीची नोकरी संपली," म्हणायचीस.

एका शनिवारी पर्यटकांची गाडी दारात थांबली होती, आठवतं? चिक्कीच्या पिशव्यांनी भरलेली. बाकड्यावर माणसं बघून त्यांना वाटलं, इथे काहीतरी प्रसिद्ध मिळतं. गॉगलवाला मुलगा फाटकातून ओरडला, "आंटी, टेन्शन का पावडर यहीं मिलता है क्या?"

तू म्हणालीस, "मिलता नहीं. बैठना पड़ता है."

"कितना टाइम?"

"तुम्हारे टेन्शन को पूछो."

तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, "पार्किंग है?"

तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला. तो मुलगा शेवटी बसला मात्र. गाडीतली बाकीची मंडळी हॉर्न वाजवत होती आणि तो काढा पीत, तोंड वेडंवाकडं करत बसला होता. काय बोलला तुझ्याशी, मला माहीत नाही. मी आत होते. निघताना त्याने गॉगल लावला नव्हता.

तुझी पहिली चौकशी नेहमी एकच असायची: "डॉक्टरांच्या काय गोळ्या चालू आहेत?" मनाच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर तू त्या माणसाला बाकड्यावर बसवायचीस, पण काढा द्यायची नाहीस. गवती चहा द्यायचीस. "एका रुळावर दोन गाड्या सोडत नाही मी." आणि कोणी फारच खचलेलं दिसलं, जेवण सुटलेलं, जगण्यात काय आहे असं बोलणारं, तर त्याच्याबरोबर स्वतः रिक्षात बसून डॉक्टरांकडे जायचीस. हे मी पाहिलंय. म्हणून तुला मी कधी वैदू म्हटलं नाही. बाकी बरंच म्हटलं.

ब्राह्मीवरून तर आपला तंटा कधी मिटलाच नाही. तुझी नळाजवळची ब्राह्मी गोल पानांची, बेडकाच्या पावलासारखी. मी पुण्याच्या रोपवाटिकेतून आणलेली ब्राह्मी बारीक, मांसल पानांची. कुंडीवर छापील नाव होतं. मी म्हटलं, हीच खरी. तू म्हणालीस, "छापलंय म्हणून?" मग दोन घमेली शेजारी शेजारी ठेवली आणि दोन्ही इतकी फोफावली की एकमेकींत शिरली. आता तिथे कुठली संपते नि कुठली सुरू होते ते सांगता येत नाही. काल मी तिथे पाणी घालताना म्हटलंही, "बघ, माझी तुझ्यात गेली." आणि मग लगेच आत आले. दोन कपडे घडी घातले. पुन्हा उलगडले.

तुझी एक सवय मला कायम खटकायची. काढा गाळून पेला माणसाच्या हातात द्यायचीस, शेजारी टेकायचीस, शेंगा सोलायला घ्यायचीस, दोन शब्द झाले न झाले की उठायचीस. "दूध बघून येते." समोर बसलेला बोलायला तोंड उघडतोय आणि तू आत! मी तुला म्हटलं होतं, दूध सकाळी तापतं, फ्रिजमध्ये जातं, पाच वाजता कुठलं दूध बघतेस? पाहुण्याला असं सोडून उठतात का? तू फक्त म्हणालीस, "उतू गेलं तर?" याला उत्तर म्हणतात का, शरू?

माझ्या वेळीही तू उठायचीसच.

तुझा दादा गेल्यावर मी तळेगावचं घर बंद करून तुझ्याकडे आले, तेव्हाची गोष्ट. मी रडत नव्हते. सगळं नीट करत होते. बँकेचं, पेन्शनचं, त्यांच्या कपड्यांचं. सगळे म्हणत, वहिनी खंबीर आहेत. मला जेवणाची चव लागत नव्हती, वर्तमानपत्राचं एक पान वाचून संपत नव्हतं आणि झोप म्हणजे नुसते डोळे मिटून पडणं. तू पेला पुढे केलास. मी विचारलं, यात काय आहे, प्रमाण किती, किती दिवस घ्यायचं?

"प्या आधी."

"अगं पण प्रमाण?"

"वहिनी, तुमचं प्रमाण तुमच्याकडे ठेवा. प्या."

मी प्यायले. इतकं कडू मी आयुष्यात काही प्यायले नव्हते. आणि मग तू काशाची वाटी आणलीस. तळपायाला तूप लावलंस आणि वाटी घासायला लागलीस. मी पाय ओढून घेतला. नणंदेने पायाला हात लावायचा म्हणजे काय! तू घोटा धरून ठेवलास. "गप्प बसा. आईचे पाय मी असेच घासायची. तुमचे राहिले होते." वाटी फिरत होती, काशाने तळवे काळे पडत होते. मग तू म्हणालीस, दूध बघून येते. आणि तू आत गेल्यावर मला पहिल्यांदा रडू आलं. काळे तळवे तसेच समोर ठेवून मी पडवीत ढसाढसा रडले. तू लवकर परत आली नाहीस. त्या रात्री झोप लागली. ब्राह्मीने, की वाटीने, की रडल्यामुळे? मी तुला पुढे कितीदा विचारलं. तू म्हणायचीस, "तुम्हाला झोप हवी की पुरावा?" मला दोन्ही हवं होतं. अजून हवंय.

आता ईरा.

ग्लासगोला थंडीत दुपारीच दिवे लावतात हे मी तुला सांगितलं होतं. मुलगी पंचविशीची, अभ्यासात हुशार, आणि अंथरुणातून उठायला तिला दुपार व्हायची. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. तिने घेतल्या. पण तिला वाटे, गोळी घेणं म्हणजे हरणं. फोनवर म्हणायची, "आजी, मला शरूआजीचं चूर्ण पाठव ना. ते नॅचरल असतं." मी तुझ्यापाशी आले. बेताच्या मापाची डबी आणली होती, कुरिअरवाल्याला विचारून ठेवलं होतं. मला वाटलं, जगाला पाजतेस, भावाच्या नातीला नाही म्हणशील का?

तू शेंगा सोलत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "नाही."

"का?"

"एक, तिच्या गोळ्या चालू आहेत. दोन, मी घरपोच देत नाही."

"मग तिला फोनवर तरी बसव. रोज पाच मिनिटं."

"फोन म्हणजे खिडकीच, वहिनी. मी त्या खिडकीत परत बसणार नाही. तिला म्हणावं, ये."

"ती कशी येईल? अभ्यास, व्हिसा, विमानाचं तिकीट!"

"मग गोळ्या नीट घे म्हणावं."

मी म्हटलं, हा नियम नाही, हट्ट आहे. तू म्हणालीस, "हट्टच आहे." आणि आपला अबोला सुरू झाला. अबोला काही नवा नव्हता. तुला मोडायचा असला की तू न बोलता माझ्या शेजारी चहा ठेवायचीस, मला मोडायचा असला की मी तुझ्या साड्यांना इस्त्री करायचे. मागच्या खेपेला इस्त्री मी केली होती. म्हणजे या वेळची पाळी तुझी होती. मी चहाची वाट बघत होते. खरंच बघत होते, शरू. आणि तू त्या सकाळी नळाशी ब्राह्मी खुडायला गेलीस ती गेलीसच.

पाळी तुझी होती.

परवा ईराचा फोन आला. तुझ्यासाठी रडली आधी. मग म्हणाली, "आजी, मी गोळ्या बंद केल्यात. चार-पाच दिवस झाले. आता तरी चूर्ण पाठवशील ना? आता दोन गाड्या नाहीत." तुझं वाक्य तिला मीच सांगितलं होतं. मी म्हटलं, डॉक्टरांना न विचारता असं बंद करायचं नसतं. ती "हो गं" म्हणाली. ज्या "हो गं"चा अर्थ नाही असा असतो, ते. आवाज क्षीण होता. मी तिच्या आईबाबांना सिंगापूरला फोन केला. त्यांनाही ती तसंच "हो हो" म्हणते.

म्हणून हे कपाट. चूर्ण पाठवलं तर ती गोळ्यांकडे परत वळणार नाही, आणि एवढ्याशा पुडीच्या भरवशावर ती तिथे अंधारात एकटी. नाही पाठवलं तर तिच्याकडे गोळीही नाही आणि पुडीही नाही, आणि माझ्यावर रुसून ती फोनही उचलणार नाही. तूच सांग. तुझ्याशी भांडल्याशिवाय मला आजवर काही ठरवता आलंय का? डबी टेबलावर आहे. कुरिअरवाला उद्या येतो म्हणालाय. मी पुन्हा किल्ली...

फाटक वाजतंय.

*

वरचं तसंच सोडून उठले होते. मधे काही दिवस गेले. आता जरा बसवतंय, म्हणून पुढचं लिहिते.

फाटकात हिराबाई होत्या. नातवंडांसाठी सांगते: हिराबाई कुसगावच्या बाजूच्या, सकाळी बाजारात पालेभाजी विकतात. मुलगा-सून देहूरोडला राहायला गेले आणि मोठ्या घरात एकट्या पडल्या, तेव्हा त्यांची झोप गेली. शरूकडे त्या वर्षानुवर्षं येत होत्या. बाकड्याचं डावं टोक त्यांचं, जास्वंदीपाशी.

"वहिनी, बसू का?"

मी म्हटलं, "हिराबाई, औषध नाही हो. मला ते करता येत नाही."

"मला कुटं पायजे औशिद! मी बसाया आले." आणि बसल्या. नेहमीच्या टोकाला. मी काय करावं ते न कळून दुसऱ्या टोकाला टेकले. मधलं बाकडं रिकामं.

थोड्या वेळाने मी विचारलं, कारण मला राहवेना, "एवढी वर्षं काढा घेतलात. गुण आला ना?"

हिराबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. बघते तर हसत होत्या. "घेतला कुटं वहिनी! एक डाव प्याले. लय कडू. माजा तर जीवच गेला. त्या दिसापास्नं हितं वतते." आणि जास्वंदीच्या मुळाशी बोट दाखवलं.

"शरूच्या देखत?"

"त्या दूध बघाया जायाच्या न्हाई का? तवा."

इतकं निवडून, वाळवून, उकळून, गाळून केलेला काढा! ती हिमालयातून येणारी जटामांसी! "शरूला कळलं नाही कधी?"

"व्हय की, कळलं हुतं. येक दिस म्हनाल्या, काय गं हिरा, जास्वंदीला झोप कशी लागती आता? मला वाटलं, आता हाकलत्यात. म्या म्हनलं, ब्येस लागती ताई. तर म्हनाल्या, बरं झालं. तिला बी उद्या पाचाला बसव जवळ." हिराबाईंनी डोळे पुसले. "आन् पुन्यांदा पेला दिला आन् पुन्यांदा दूध बघाया गेल्या."

शरू, मला आधी तुझा राग आला. मग हिराबाईंचा. मग मला आठवलं की मी मात्र प्रत्येक पेला थेंबभरही न ठेवता संपवला होता. मला कोणी काही सांगितलं नाही! ओतायची सोय होती हे मला माहीत असतं तर? तरी मी प्यायलेच असते म्हणा. माझा स्वभाव.

ब्राह्मी खोटी, असं मला म्हणायचं नाही. बाकड्यावरच्या किती जणांनी पेला संपवला आणि किती जणांनी जास्वंद वाढवली, कोण सांगणार? पण तू आत जाऊन उभी राहायचीस ते कशासाठी, ते मला त्या पडवीत बसल्या बसल्या दिसलं. माझे काळे तळवे दिसले. तो गॉगलवाला मुलगा दिसला.

मी उठले, फोन घेतला आणि हिराबाईंच्या शेजारी बसून ईराला लावला. तिने उचलला, पडद्यावर दिसली. केस विंचरलेले नव्हते.

"आजी, पाठवलंस?"

"नाही. पाठवणार नाही."

ती म्हणाली, "मग फोन कशाला केलास?"

"बसायला."

"म्हणजे?"

"म्हणजे मी इथे बाकड्यावर बसलेय. शेजारी हिराबाई आहेत. तू तिथे बस."

"शरूआजी गेली आणि तू तिच्यासारखीच झालीस."

"तिच्यासारखी नाही. ती फोनवर बसली नसती. आमचं भांडणच होतं त्यावर."

हे ऐकून ती जरा हसली असं वाटलं. मग मी जे सांगायचं ते सांगितलं. गोळ्या पुन्हा घ्यायच्या, बदलायच्या की कमी करायच्या, हे तू ठरवायचं नाहीस, मीही नाही. तुझ्या डॉक्टरांनी ठरवायचं. तू आत्ता, माझ्या देखत, त्यांना फोन लाव. मी फोन ठेवत नाही.

"आजी, तिथे होल्डवर फार वेळ ठेवतात."

"ठेवू देत. आम्हाला कुठे जायचंय?"

तिने दुसरा फोन लावला. तिकडून संगीत सुरू झालं, मधूनमधून एक बाई इंग्रजीत थांबायला सांगत होती. लोणावळ्याच्या पडवीत आम्ही दोघी ते ऐकत बसलो. हिराबाई म्हणाल्या, "गानं चांगलं हाय. पर येकच वाजवत्यात." ईरा हसली. या वेळी नक्की हसली. रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती, कोणीतरी हॉर्न दाबून धरला होता, आणि त्या सगळ्या गोंगाटात एकदाची पलीकडून खरीखुरी बाई बोलली. दुसऱ्या दिवशीची भेट मिळाली.

दुसऱ्या दिवशी ती गेली. डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी समजावलं. गोळ्या त्यांच्या सांगण्यानुसार पुन्हा सुरू आहेत. बरी झाली का? नाही. एवढ्यात नाही. कधी फोनवर नुसती छताकडे बघत पडून असते. कधी चिडते. एक दिवस फोन उचललाच नाही आणि मी त्या बाकड्याला फेऱ्या घालून हिराबाईंना भोवळ आणली. पण आमची पाचची वेळ तिच्या दुपारच्या आत येते आणि पाचसाठी म्हणून ती उठते. हे मी तिला विचारून लिहिलंय. म्हणाली, "लिही. केस विंचरलेले नव्हते हे मात्र काढ." काढलेलं नाही.

आणि आपल्या भांडणाचं म्हणशील तर मी अजून माघार घेतलेली नाही. पुडी पाठवायची नाही, यात तुझं बरोबर. फोनवर बसायचं नाही, हा तुझा हट्ट चूक. खिडकीतून हातच दिसतात असं नाही, शरू. आता काच मोठी झालीय. तू एकदा बघायला हवं होतंस. हे ऐकून तू काय म्हणाली असतीस ते मी रोज वेगवेगळं ठरवते आणि एकही उत्तर तुझ्यासारखं वाटत नाही. मग उठते, टीव्हीवरचा तुझा चष्मा पुसते, परत ठेवते.

आज मी पहिल्यांदा काढा केला. कपाट उघडलं आणि या वेळी बरण्या बाहेर काढल्या. शंखपुष्पी आणि ब्राह्मीची गाठ मात्र सुटली नाही. तुझं वाक्य आठवलं. वास कळला नाही तर हात लावायचा नाही. मी त्या दोन्ही बरण्या परत ठेवल्या, नळाजवळची ताजी गोल पानं खुडली, त्यात माझीही बारीक पानं आली असणार, आणि ज्येष्ठमध घालून उकळलं. तुझ्याइतकं कडू झालं नाही. पण पुरेसं कडू झालं. ओळखता आलेल्या बरण्यांवर चिठ्ठ्या लावल्यात, हेही सांगून टाकते.

पाचला हिराबाई आल्या. ईराचा फोन मी बाकड्यावर, मधल्या जागेत, ज्येष्ठमधाच्या बरणीला टेकवून ठेवला. तिने तिकडून चहाचा मग वर करून दाखवला. मी पेला हिराबाईंच्या हातात दिला. त्यांनी आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, जास्वंदीकडे पाहिलं. बिचाऱ्यांना मला दुखवायचं नव्हतं. ईरा मगात बघत होती. काहीतरी बोलायचं होतं तिला, आणि ते माझ्याशी बोलायचं नव्हतं. आजीशी सगळं बोलता येत नाही.

मी उठले. म्हटलं, "दूध बघून येते."

आत आले तोवर मागे माती भिजल्याचा आवाज झाला. मग ईरा, अगदी हळू, "मावशी, तुम्हाला झोप लागते?"

"मला कुटली गं! हिला लागती बग, जास्वंदीला."

आणि मग दोघी हसल्या. मग हसणं थांबलं आणि ईरा बोलायला लागली. शब्द ऐकू येत नव्हते, मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. शेगडीवर काही नव्हतं, दूध सकाळीच तापवून झालं होतं. तरी मी ओट्याला टेकून उभी राहिले, शरू. जेवढा वेळ तू राहायचीस तेवढा.